प्रकाशतंतूंच्या सांध्याचा इतिहास : कनेक्टरचे प्रमुख प्रकार, त्यांचे उपयोग आणि त्यांमागील संस्था

प्रस्तावना :

दळणवळणाच्या साधनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा मार्गावर खिळलेली असते. रेल्वेच्या इतिहासात रूळ, बोगदे आणि पूल यांना स्थान मिळते. दोन रुळांची टोके एकत्र धरणाऱ्या फिशप्लेटचा उल्लेख क्वचितच येतो. प्रकाशतंतूंच्या बाबतीतही हेच घडलेले आहे. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने संदेश वाहून नेण्याची कल्पना कोणी मांडली, तो तंतू प्रथम कोणी तयार केला, याविषयीचे लेखन विपुल आहे. परंतु असे दोन तंतू एकमेकांना जोडायचे कसे, या प्रश्नाने अभियंत्यांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले होते, ही गोष्ट इतिहासलेखनात फारशी नोंदवली गेलेली नाही. पदवी अभ्यासक्रमाच्या पाठ्यपुस्तकांत एफसी, एसटी, एससी, एलसी अशी आद्याक्षरांची एक यादी असते. विद्यार्थी ती पाठ करतात. त्या यादीतील प्रत्येक नाव एका विशिष्ट काळाचे आणि एका विशिष्ट संस्थेचे अपत्य आहे, हे मात्र त्यांना सांगितले जात नाही.

प्रस्तुत लेखात ही यादी कालक्रमाने वाचण्याचा प्रयत्न केलेला आहे. कोणता कनेक्टर टिकला आणि कोणता मागे पडला, याचा निर्णय केवळ तांत्रिक गुणवत्तेवर झाला नाही. दूरध्वनी क्षेत्रातील मक्तेदारी, मानक ठरविणाऱ्या समित्या आणि तो सांधा प्रत्यक्ष बसविणाऱ्या कामगाराचा हात या तिन्हींचा त्यात वाटा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काच सुधारली आणि सांध्याचे मोल वाढले :

पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश वळविण्याचे प्रयोग जिनिव्हा येथे कोलाडों यांनी १८४० च्या दशकाच्या प्रारंभी आणि लंडन येथे जॉन टिंडल यांनी १८५४ साली करून दाखविले होते. मोगा (पंजाब) येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेली. त्यांचा शोधनिबंध १९५४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. हे तंतू प्रामुख्याने शरीराच्या आतील भाग पाहण्याच्या उपकरणांत उपयोगी पडले. तेथे अंतर हात-दोन हातांचेच असल्यामुळे सांध्याचा प्रश्न फारसा उद्भवला नाही.

संदेशवहनासाठी तंतू वापरता येईल, हे १९६६ साली इंग्लंडमधील हार्लो येथील प्रयोगशाळेतून चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले. काचेतील अशुद्धी दूर करून क्षीणन किलोमीटरला २० डेसिबेलपर्यंत खाली आणता आले तर हा मार्ग व्यवहार्य ठरेल, असा त्यांचा हिशेब होता. वीस डेसिबेल म्हणजे एक किलोमीटर अंतरानंतर मूळ प्रकाशाचा अवघा एक टक्का शिल्लक राहणे. तत्कालीन उत्तम काचेतही क्षीणन हजार डेसिबेलच्या घरात असल्यामुळे ही अपेक्षा अनेकांना अवास्तव वाटली. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्झ यांनी ती पूर्ण केली. पुढे केवळ नऊ वर्षांत, म्हणजे १९७९ साली, जपानमधील संशोधकांनी १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर ०.२ डेसिबेल हा आकडा गाठला. काओ यांना या कार्यासाठी २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथवरचा भाग सर्वपरिचित आहे. परंतु याच आकड्यांचा अर्थ सांध्याच्या बाजूने लावला तर वेगळे चित्र दिसते. एखाद्या सांध्यात एक डेसिबेल प्रकाश वाया जातो असे समजू. १९६६ मध्ये अपेक्षिलेल्या तंतूत तेवढाच प्रकाश ५० मीटर अंतरात नाहीसा झाला असता. १९७९ च्या तंतूत तो नाहीसा होण्यास ५ किलोमीटर लागतात. म्हणजे तोच सांधा, तेवढाच सदोष, शंभर पटींनी महाग झाला. काच जसजशी निर्मळ होत गेली तसतसा सांध्याचा दोष अधिक उघडा पडू लागला. कनेक्टरचा खरा इतिहास १९७० च्या दशकात सुरू होतो याचे कारण हेच होय.

तांब्याच्या तारेहून वेगळा प्रश्न :

तांब्याच्या दोन तारा पिळून एकत्र केल्या की वीज वाहू लागते. धातूचा धातूला स्पर्श झाला म्हणजे पुरे. स्पर्श नेमका कोठे झाला याला महत्त्व नसते. तंतूच्या बाबतीत ही सवलत नाही. सर्वसाधारण तंतूचा बाह्य व्यास १२५ मायक्रोमीटर असतो. त्याच्या मध्यभागी प्रकाश वाहून नेणारा गाभा असतो. बहुरूप तंतूत हा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटरचा, तर एकरूप तंतूत सुमारे ८ ते ९ मायक्रोमीटरचा असतो. दोन एकरूप तंतू परस्परांपासून एक मायक्रोमीटरने बाजूला सरकले तर हानी ०.२ डेसिबेलच्या आत राहते. तेच पाच मायक्रोमीटरने सरकले तर निम्म्याहून अधिक प्रकाश नाहीसा होतो. यात तंतूंची टोके तिरकी असण्याचा आणि दोहोंमध्ये फट राहण्याचा दोष मिळविला म्हणजे अडचणीची कल्पना यावी.

फटीचा प्रश्न विशेष त्रासदायक ठरला. काच आणि हवा यांच्या सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. फट राहिली की अशा दोन सीमा निर्माण होतात. त्यामुळे होणारी ०.३ डेसिबेल हानी एक वेळ सोसता येईल. परंतु मागे परतलेला प्रकाश थेट लेसरमध्ये शिरून त्याचे कार्य बिघडवितो. १९८० पूर्वीच्या बहुतेक कनेक्टरांमध्ये ही फट जाणीवपूर्वक ठेवलेली असे, कारण तंतूंची टोके एकमेकांवर घासून खराब होतील अशी भीती होती.

कायमचा सांधा हवा असेल तर दोन टोके विद्युत्‌ठिणगीने वितळवून एकजीव करता येतात. यालाच स्प्लायसिंग म्हणतात आणि त्यातील हानी ०.१ डेसिबेलहूनही कमी असते. अटलांटिक महासागर ओलांडणारी टॅट-८ ही पहिली प्रकाशतंतू केबल १९८८ साली कार्यान्वित झाली. अशा समुद्राखालील मार्गावर वितळवून केलेले सांधेच उपयोगी पडतात. परंतु उपकरण बदलणे, दोष शोधणे, मार्ग फिरविणे यांसाठी उघडता-मिटता येणारा सांधा आवश्यक असतो. घराच्या भिंतीत विटा पक्क्या बसवाव्या लागतात आणि दाराला बिजागरी लागतेच.

उसने साधन आणि पहिले स्वतंत्र साधन :

आरंभी अभियंत्यांनी हाताशी असलेली साधने वापरली. सूक्ष्मतरंग क्षेत्रात एसएमए नावाचा लहान आट्यांचा धातूचा कनेक्टर प्रचलित होता. अ‍ॅम्फेनॉल कंपनीने त्याचेच रूप तंतूसाठी घेतले. त्याचे ९०५ आणि ९०६ हे दोन उपप्रकार रूढ झाले. बहुरूप तंतूचा गाभा मोठा असल्यामुळे एवढी अचूकता पुरेशी होती. एकरूप तंतू आल्यावर तो दूरध्वनी क्षेत्रातून मागे पडला. मात्र वर्णपटमापक आणि उच्च शक्तीचे लेसर यांमध्ये, जेथे जाड गाभ्याचे तंतू लागतात, तो आजही सर्रास आढळतो. भौतिकशास्त्र विभागातील सहकाऱ्यांना तो परिचित असेल.

बेल प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात तयार केलेला बायकॉनिक कनेक्टर हे स्वतंत्र विचाराचे पहिले महत्त्वाचे फळ म्हणता येईल. दोन शंकू दोन्ही बाजूंनी एका दुहेरी शंक्वाकृती नळीत शिरतात आणि आपोआप मध्यावर येतात, अशी त्याची रचना होती. कल्पना सुरेख होती. परंतु शंकूला फिरण्यापासून रोखणारी खाच नसल्यामुळे प्रत्येक वेळी जोडताना हानी थोडी बदलत असे. अमेरिकेतील दूरध्वनी केंद्रांत त्याचा बराच वापर झाला आणि नंतर तो लोप पावला.

जपानमधील फेरूल :

ज्या रचनेने या क्षेत्राला निश्चित वळण दिले ती जपानच्या एनटीटी या तत्कालीन सार्वजनिक दूरध्वनी महामंडळाकडून १९८० च्या सुमारास आली. एफसी या नावातील पहिले अक्षर फेरूलचे आहे. फेरूल म्हणजे तंतूचे टोक आत बसविण्याची दंडगोलाकार बारीक नळी. तिचा व्यास २.५ मिलिमीटर आणि तिच्या मध्यातील छिद्र तंतूहून किंचित मोठे. असे दोन फेरूल एका चिरलेल्या लवचिक नळीत समोरासमोर बसतात. शंकूऐवजी सरळ दंडगोल स्वीकारल्यामुळे दोन गोष्टी साध्य झाल्या : टोके स्प्रिंगच्या दाबाने पुढे-मागे सरकू शकली आणि घासून गुळगुळीत करणे सोपे झाले. फिरणे टाळण्यासाठी खाच आणि घट्ट बसण्यासाठी आट्याची टोपी देण्यात आली.

फेरूलसाठी जपानमध्ये झिर्कोनिया हे सिरॅमिक द्रव्य निवडले गेले. ते कठीण असूनही ठिसूळ नाही, आणि त्याला गोलसर टोक देता येते. या गोलसर टोकामुळेच फटीचा प्रश्न सुटला. दोन्ही टोके किंचित फुगीर घासून स्प्रिंगने दाबली की नेमके गाभेच एकमेकांना टेकतात आणि हवेला जागा उरत नाही. यालाच पीसी, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्श, असे म्हणतात. परत येणारा प्रकाश यामुळे दहा हजारांत एका भागापर्यंत घटला. अधिक सूक्ष्म घासणीने यूपीसी आणि टोकाला आठ अंशांचा तिरकसपणा देऊन एपीसी हे प्रकार पुढे आले. तिरकस टोकावरून परावर्तित झालेला प्रकाश गाभ्याबाहेर फेकला जातो आणि लेसरपर्यंत पोहोचतच नाही. केबल दूरचित्रवाणीच्या मार्गांना या गुणाची विशेष गरज होती. एपीसीला हिरवा आणि एकरूप यूपीसीला निळा असा रंगसंकेत पुढे रूढ झाला. हिरवा आणि निळा एकमेकांना जोडल्यास दोन्ही टोकांमध्ये पाचरीसारखी फट राहते. हा संकेत न पाळल्यामुळे होणारे दोष सेवा देणाऱ्यांना चांगलेच परिचित आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील खरा टप्पा हाच होय. नंतर आलेले एसटी आणि एससी यांनी २.५ मिलिमीटर व्यासाचे हेच फेरूल स्वीकारले. बाह्य आवरण आणि पकडण्याची पद्धत तेवढी बदलली. आपण ज्यांना कनेक्टरचे निरनिराळे प्रकार म्हणून शिकवितो त्यांतील बरेचसे वेगळेपण कवचाचे आहे. एफसीची आट्याची पकड कंपनांना दाद देत नाही, म्हणून मोजमाप उपकरणे आणि संशोधन प्रयोगशाळा यांत तो टिकून राहिला.

दोन दूरध्वनी संस्था, दोन पकडी :

अमेरिकेतील एटी अँड टी या बलाढ्य कंपनीचे १ जानेवारी १९८४ रोजी विघटन झाले. जपानच्या एनटीटीचे १९८५ साली खाजगीकरण झाले. याच सुमारास दोघांकडून नवे कनेक्टर आले, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. प्रकाशतंतू आता दूरध्वनी केंद्रांच्या भिंतीबाहेर पडून कार्यालये, कारखाने आणि विद्यापीठे यांच्या इमारतींत शिरत होता. तेथे आटे फिरवीत बसणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ सदैव उपलब्ध नसतो.

एटी अँड टीचा एसटी हा दाबून फिरविण्याच्या पद्धतीचा आहे. आपल्याकडील विजेच्या बल्बला दोन पिना असतात आणि तो होल्डरमध्ये दाबून किंचित वळविला की अडकतो. एसटीची पकड नेमकी तशीच आहे. संगणकांची स्थानिक जाळी बहुरूप तंतूवर उभारण्याच्या काळात, म्हणजे १९९० च्या दशकापर्यंत, त्याचे वर्चस्व होते. ‘एसटी’ ही कंपनीची व्यापारी खूण असल्यामुळे आंतरराष्ट्रीय मानकात मात्र त्याचे नाव बीएफओसी असे नोंदविले गेले. ते नाव व्यवहारात कोणी उच्चारत नाही.

एनटीटीचा एससी चौकोनी आणि प्लॅस्टिकचा. तो सरळ ढकलला की बसतो, सरळ ओढला की निघतो. फिरवावे लागत नसल्यामुळे बोटांना जागा लागत नाही आणि कनेक्टर जवळजवळ बसविता येतात. दोन एकत्र जोडून जाणारा व येणारा असे दोन्ही तंतू एकदमच लावता येतात. अमेरिकेतील इमारतींच्या जोडणीसंबंधीच्या ५६८-ए या १९९५ च्या मानकाने नव्या कामासाठी एससीची शिफारस केली आणि जुन्या एसटीला चालू ठेवण्याची मुभा दिली. स्वदेशी कंपनीच्या लोकप्रिय साधनाऐवजी जपानी साधनाला अमेरिकन समितीने दिलेली ही पसंती लक्षणीय आहे.

या नावांच्या अर्थाविषयी थोडे विषयांतर आवश्यक वाटते. एससी म्हणजे ‘सब्स्क्रायबर कनेक्टर’. परंतु ‘स्क्वेअर’, ‘स्टँडर्ड’ आणि ‘स्टिक अँड क्लिक’ असेही विस्तार पुस्तकांत आढळतात. एसटी म्हणजे ‘स्ट्रेट टिप’. त्याचेही ‘स्टिक अँड ट्विस्ट’ झाले. यांतील पुष्कळसे विस्तार प्रशिक्षणवर्गांत लक्षात ठेवण्याच्या सोयीसाठी पसरले आणि कालांतराने व्युत्पत्ती म्हणून छापले गेले असावेत. स्थलनामांच्या लोकव्युत्पत्तीत जे घडते तेच येथे अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत घडले. परीक्षेत या विस्तारांवर एक गुणाचा प्रश्न विचारताना आपण कोणते उत्तर ग्राह्य धरतो, याचा विचार व्हावयास हवा.

लहान आकारासाठी स्पर्धा :

१९९० च्या दशकाच्या अखेरीस नवीन अडचण उद्भवली. तांब्याच्या आरजे-४५ जोडणीएवढ्या जागेत तंतूंची जोडी मावत नव्हती. परिणामी तंतूच्या स्विचवर निम्मेच मार्ग बसत. अनेक कंपन्यांनी लहान आकाराचे कनेक्टर बाजारात आणले. अमेरिकेतील काही कंपन्यांनी जपानच्या फुजिकुरासह एमटी-आरजे पुढे केला. त्यात एकाच फेरूलमध्ये दोन तंतू होते. थ्रीएम कंपनीच्या व्हीएफ-४५ मध्ये तर फेरूलच नव्हते. तंतू व्ही आकाराच्या खाचेत किंचित वाकून समोरासमोर येत. एनटीटीचा एमयू आणि ल्युसेंटचा एलसी यांनी फेरूलचा व्यास निम्मा, म्हणजे १.२५ मिलिमीटर केला.

समितीला या वेळी निवड करता आली नाही. २००० साली आलेल्या ५६८-बी.३ या मानकाने विहित कसोट्यांना उतरणाऱ्या कोणत्याही रचनेस मान्यता देऊन निर्णय बाजारावर सोडला. बाजाराचा कौल एलसीला मिळाला. त्याची कारणे साधी होती. एमटी-आरजेच्या जोडीत एका बाजूस पिना आणि दुसऱ्या बाजूस छिद्रे असावी लागत. चुकीची केबल आणली की काम अडे. एलसीमध्ये मात्र प्रत्येक तंतूला स्वतंत्र सिरॅमिक फेरूल असल्यामुळे जुने कौशल्य आणि जुनी यंत्रे कामी आली, एकरूप तंतूलाही तो चालला आणि टेलिफोनच्या जॅकसारखी खटका असलेली त्याची पकड सर्वांच्या सवयीची होती. शिवाय त्याच सुमारास आलेल्या एसएफपी या लहान प्रकाशीय प्रेषक-ग्राहक घटकांनी एलसी स्वीकारला. क्रांतिकारक रचनेपेक्षा जुन्याच रचनेची लहान आवृत्ती यशस्वी झाली, असे म्हणावे लागेल. एलसीला नाव देणारी ल्युसेंट कंपनी १९९६ साली एटी अँड टीमधून वेगळी झाली होती. २००६ साली ती अल्काटेलमध्ये विलीन झाली आणि २०१६ साली तो समूह नोकियाकडे गेला.

एमपीओ या प्रकारात एकाच आयताकृती फेरूलमध्ये बहुधा बारा तंतू पाव मिलिमीटर अंतराने ओळीत बसतात आणि दोन बारीक पिना त्यांना नेमके समोरासमोर आणतात. त्याचे मूळ एनटीटीच्या एमटी फेरूलमध्ये आहे. २०१० साली ४० गिगाबिट इथरनेटचे मानक आल्यावर विदा केंद्रांत त्याला मोठी मागणी आली. नवी मुंबईत ऐरोली-महापे परिसरात उभ्या राहिलेल्या केंद्रांतील रॅकमागे हेच जाड कनेक्टर दिसतात.

बसविणारा हात :

आतापर्यंत संस्थांचा विचार झाला. परंतु कनेक्टर बसवितो तो माणूस. १९८० च्या दशकातील पद्धत अशी : तंतूवरील लेप सोलायचा, फेरूलमध्ये इपॉक्सी भरून त्यात तंतू घालायचा, भट्टीत तापवायचा, बाहेर आलेले टोक हिऱ्याच्या वा कार्बाइडच्या लेखणीने खरवडून तोडायचे आणि क्रमाने बारीक होत जाणाऱ्या कागदांवर इंग्रजी आठच्या आकड्याच्या वळणाने घासायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. तुटलेले काचेचे तुकडे डोळ्यांत किंवा त्वचेत जाऊ नयेत म्हणून चिकटपट्टीवर गोळा करावे लागत. किती घासायचे हे कोणत्याही पुस्तकातून कळत नाही. ते हाताला कळते. पुढे एकरूप तंतूच्या अचूकतेमुळे हे काम कारखान्यातील यंत्रांकडे गेले. कामगाराकडे एका टोकाला कनेक्टर असलेला तयार तुकडा, म्हणजे पिगटेल, येऊ लागला आणि त्याचे दुसरे टोक वितळवून जोडणे एवढेच त्याच्या हाती राहिले. हातमागाकडून यंत्रमागाकडे झालेल्या संक्रमणाचा अभ्यास आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. तसा या संक्रमणाचा झालेला नाही. ते काम केलेली माणसे आता निवृत्तीच्या वयाची आहेत. त्यांच्या मौखिक नोंदी घेण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घेण्याजोगे आहे.

या संदर्भात महाराष्ट्राचा एक धागा महत्त्वाचा आहे. स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशतंतू प्रणाली १९७९ साली पुण्यात कार्यान्वित झाली. तेव्हा एसटी आणि एससी यांचा जन्मही झालेला नव्हता. पुढे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे काचतंतूचे उत्पादन होऊ लागले. सिरॅमिक फेरूलचे उत्पादन मात्र प्रथम जपानमध्ये आणि नंतर मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये एकवटले. तंतू बनविणे आणि सांधा बनविणे ही दोन वेगळी औद्योगिक कौशल्ये आहेत, आणि आपल्याकडील चर्चेत पहिल्याचाच विचार अधिक होतो.

राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. २०१५ साली त्याला भारतनेट हे नाव मिळाले. ग्रामपंचायतीपर्यंत तंतू नेण्याच्या या योजनेत आणि शहरांतील घरोघरच्या जोडण्यांत एससी मोठ्या संख्येने वापरला गेला आहे. ‘सब्स्क्रायबर’ हे त्याचे मूळ नाव जन्मानंतर तीन दशकांनी शब्दशः ग्राहकाच्या घरात पोहोचले. तेथे तो बसविणारा तरुण बहुधा कंत्राटी असतो. इपॉक्सी आणि भट्टी त्याच्याकडे नसते. तो आत जेल भरलेला तयार ‘फास्ट कनेक्टर’ वापरतो. तंतू सोलून, कापून आत सरकविला की पाच-सात मिनिटांत काम होते. टोक अल्कोहोलने पुसण्यास तो विसरला तर मात्र नऊ मायक्रोमीटरच्या गाभ्यावर उन्हाळ्यातील धुळीचा एक कणही पुरेसा होतो, आणि तक्रार आल्यावर दोष केबलचा मानून ती बदलली जाते.